हात पोहोचेल एवढ्याच अंतरावर
वाचकांचे प्रश्न : वॉटर पार्क आणि लहान मुलं

मे महिन्याची सुट्टी लागली की घोडबंदर रस्त्यावरचे वॉटर पार्क सकाळी दहालाच भरतात आणि नवी मुंबईकरांच्या गाड्या खोपोलीच्या दिशेने निघतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी याच विषयावर होती. उत्तरं मुख्यतः सहा वर्षांखालच्या मुलांना धरून दिली आहेत. मूल त्याहून मोठं असेल पण पोहता येत नसेल, तर त्यालाही तीच लागू.

आम्ही नऊ जण जाणार आहोत. दोन मुलं, एक दीड वर्षाचं आणि एक चार वर्षांचं. बाकी आजी-आजोबा, आत्या, मामा अशी सगळी मोठी माणसं. शिवाय तिथे लाईफगार्ड असतातच. एवढे डोळे असताना आणखी काय काळजी घ्यायची?
— एक वाचक, ऐरोली

नऊ माणसं आहेत, आणि धोकाही त्यातच आहे. आईला वाटतं आत्या बघतेय, आत्याला वाटतं मामा बघतोय, आणि मामा लॉकरची किल्ली शोधत असतो. म्हणून पाण्यात उतरण्याआधी नावं ठरवा. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे पाण्यात एक मोठं माणूस, आणि तेही हात लांब केला की मुलाला लागेल एवढ्या अंतरावर. काठावर बसून ‘लक्ष ठेवणं’ या वयाला पुरत नाही.

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, क्षणभर वर येतं, तेवढ्यात कसाबसा श्वास घेतला जातो, आवाज काढायला श्वास उरतच नाही. हात हलवून बोलावणंही जमत नाही, कारण हात दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबत असतात. डोकं मागे गेलेलं, केस डोळ्यांवर, शरीर उभं, पाय जवळजवळ स्थिर. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मूल खेळतंय. ही धडपड बहुधा २० ते ६० सेकंदांत संपते. दीड वर्षाच्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते तोंडावर पडलं तर हात टेकून मान वर काढणं त्याला जमेलच असं नाही. त्यामुळे ‘पाणी घोट्याएवढंच आहे’ हे कारण लहानग्याच्या बाबतीत धरूच नका. दोन इंच पाणीही पुरतं.

पहारा बदलताना तो तोंडाने बोलून बदला. ‘आता तू बघ’ आणि समोरून ‘हो, मी बघतेय’ असं उत्तर आल्याशिवाय पहिल्याने हलायचं नाही. एकाच माणसाने २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ पहारा देऊ नये, नजर थकते. ज्याची पाळी, त्याच्या गळ्यात एक भडक रंगाचा पंचा अडकवा आणि पाळीबरोबर तो पुढच्याला द्या. शिट्टी मात्र नको, लाईफगार्डच्या शिट्टीशी गोंधळ होतो. पंचा गळ्यात असलेल्याने मोबाईल हातात घ्यायचा नाही, अगदी त्या मुलाचा फोटो काढायलाही नाही. फोटो दुसऱ्याने काढावा.

लाईफगार्डविषयी आदर ठेवूनच सांगतो: त्याच्या नजरेखाली एका वेळी शेकडो माणसं असतात. तुमचं मूल कोणतं हे त्याला माहीत नसतं.

सर्वांत धोक्याच्या वेळा पाण्यातल्या नसतात. जेवणाला निघताना, कपडे बदलताना, पिशव्या आवरताना सगळ्यांना वाटतं खेळ संपला. मुलाचा मात्र संपलेला नसतो, ते पुन्हा पाण्याकडे पळतं. आवराआवर चालू असताना एकाने मुलाला कडेवर घेऊनच उभं राहावं. पाण्यात उतरणं ज्यांना झेपत नाही, त्या आजी-आजोबांकडे हे काम द्या. ते फार नीट करतात.

मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी बघा, मग खाऊची दुकानं आणि चेंजिंग रूम. सगळे एकाच दिशेला धावू नका. एकाने लगेच जवळच्या लाईफगार्डला मुलाच्या कपड्यांचा रंग सांगावा, एकाने बाहेरच्या फाटकावर जावं. सकाळी निघताना मुलाचा त्याच कपड्यांतला फोटो काढून ठेवा आणि दंडावर न पुसणाऱ्या मार्करने दोन मोबाईल नंबर लिहा. त्यातला एक नंबर अशा माणसाचा हवा ज्याचा फोन लॉकरमध्ये बंद नसेल.

हातात घालायचे फुगे आणि कमरेची रिंग घेतली आहे. तेवढं पुरेल ना?
— एक आई, कासारवडवली

नाही. ही खेळणी आहेत. फुग्यातली हवा हळूहळू जाते आणि ओल्या, सनस्क्रीन लावलेल्या दंडावरून तो सहज निसटतो. दोनातला एकच निसटला तर मूल एका कुशीवर कलतं. कमरेच्या रिंगेचं याहून वाईट: मूल पुढे झुकून उलटं झालं तर पाय वर आणि डोकं पाण्यात अशा अवस्थेत ते अडकतं आणि स्वतः सुटू शकत नाही.

घ्यायचंच तर लाईफ जॅकेट घ्या. आतल्या पट्टीवर किती किलोंसाठी ते लिहिलेलं असतं. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठं घेऊ नका. लहान मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. सगळ्या क्लिपा लावल्यावर जॅकेट दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढून बघा. ते हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर पाण्यातही सरकेल, आणि मग चेहरा झाकेल. पार्कमध्ये भाड्याने मिळणारं जॅकेट याच पद्धतीने तपासा. फाटलेली शिवण, तुटकी क्लिप, आतला फोम चिपाडासारखा दबलेला असेल तर बदलून मागा. संकोच करू नका.

आणि जॅकेट घातलं म्हणून मोठ्या माणसाने लांब जायचं नाही.

चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून आलं तर चालतं का? वेव्ह पूलमध्ये कुठपर्यंत न्यावं?
— एक बाबा, कळवा

मांडीवर घेऊन अजिबात नाही. एकटं मूल घसरताना त्याचा पाय कडेला अडला तर ते तिथेच थांबतं, कारण वजन कमी. मांडीवर असलं की मागून ६०-७० किलोंचा माणूस त्याच वेगाने येत असतो. पाय अडकलेला, शरीर पुढे ढकललेलं, आणि नडगीचं हाड पिळवटून मोडतं. बागेतल्या साध्या घसरगुंडीवरही लहान मुलांची हाडं अशीच मोडतात, पाण्याच्या स्लाईडवर वेग त्याहून जास्त. चार वर्षांच्या मुलासाठी किड्स झोनमधली बुटकी घसरगुंडी असते. तिथे त्याने बसून किंवा पाठीवर आडवं होऊन, पाय पुढे, हात छातीवर अशा रीतीने यावं. पोटावर, डोकं पुढे करून कधीच नाही.

त्या छोट्या घसरगुंडीलाही दोन माणसं लागतात. एक वर, एक खाली पाण्यात. खालच्याने हात वर केला की मगच वरच्याने सोडायचं. खाली आल्यावर मूल क्षणभर गांगरतं, नाकात पाणी गेलेलं असतं, आणि तेवढ्यात मागून पुढचं मूल येऊन आदळतं. म्हणून खालच्याचं पहिलं काम मुलाला उचलून बाजूला घेणं.

मोठ्या स्लाईडच्या पायथ्याशी उंचीची खूण असते. तिथे टाचा उंच करून किंवा ‘वय जास्त आहे हो’ म्हणून वाद घालून मुलाला वर नेणारे पालक दिसतात. ती उंची सहज ठरवलेली नसते. हलकं मूल वळणावर उलटतं किंवा मधेच थांबतं आणि मागचा त्याच्यावर येतो. शिवाय स्लाईड जिथे संपते तिथलं पाणी त्याच्या उंचीचं नसतं.

आता वेव्ह पूल. भोंगा वाजला की काही मिनिटं लाटा, मग विश्रांती, असं ते चालतं. भोंगा वाजताच गर्दी खोल बाजूला धावते, आणि त्या धावणाऱ्या पायांचा धोका लाटेपेक्षा कमी नसतो. पाच वर्षांखालच्या मुलाला पाणी घोट्याच्या वर येईल तिथे नेऊच नका. उभं राहताना तुम्ही खोल बाजूला, मूल उथळ बाजूला. लाटेकडे पाठ करून उभं राहू नका. आडवे उभे राहा, म्हणजे लाट आणि मूल दोन्ही दिसतील. परत जाणारं पाणी मुलाच्या पायाखालून ओढ घेतं, त्यात ते बसकण मारतं आणि पुढची लाट तोंडावर येते.

पकडायचं ते काखेखाली किंवा छातीला हात घालून. मनगटाला धरून झटक्याने वर ओढलं तर एक ते चार वर्षांच्या मुलांचा कोपर सहज निखळतो. नंतर मूल तो हात लोंबता ठेवतं, हलवूच देत नाही. असं झालं तर घरी चोळू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे न्या. योग्य हाताने तो पटकन जागेवर बसतो.

सुती टी-शर्ट घालू देत नाहीत, कॉश्च्युम भाड्याने घ्यायला लावतात. हा फक्त पैशांचा प्रकार आहे का? आणि बाळाचा करगोटा काढायचा का? आजी नको म्हणतात.
— एक आई, नौपाडा

सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, लोंबतो, घसरगुंडीच्या जोडांत अडकतो आणि त्याचे धागे सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये जातात. त्यामुळे नायलॉन किंवा लायक्राचा नियम योग्यच आहे. भाडं टाळायचं तर घरूनच अंगाला बसणारा, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख न्या. उन्हापासूनही बचाव होतो. रंग निवडताना निळा, पांढरा, करडा टाळा. निळ्या फरशीच्या तळाशी निळा पोशाख दिसत नाही. फ्लुरोसंट नारिंगी, गुलाबी किंवा पिवळा सर्वांत लवकर नजरेत येतो.

करगोटा, कमरेची साखळी, गळ्यातला ताईत, वाळे, पैंजण, मनगटाचा काळा दोरा, सगळं घरीच काढून ठेवा. दोरा घसरगुंडीच्या सांध्यात किंवा पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकू शकतो, आणि गळ्यातल्या दोऱ्याने काय होईल हे लिहायला नको. आजींना सांगा, फक्त एक दिवस देवापाशी ठेवू आणि संध्याकाळी आंघोळ घालून पुन्हा बांधू. त्या ऐकतील. मुलीचे लांब केस घट्ट वेणी किंवा अंबाडा घालून टोपीत बसवा, कारण जाळीच्या ओढीत केसच आधी जातात. जाळी तुटलेली किंवा हलणारी दिसली तर त्या तलावात कुणीच उतरू नका आणि लगेच कळवा.

बाळ आठ महिन्यांचं आहे. त्याला पाण्यात घ्यावं का? नेहमीचं डायपर चालेल?
— एक वाचक, नेरूळ

सहा महिन्यांखालच्या बाळाला सार्वजनिक तलावात नेऊच नये. आठ महिन्यांच्या बाळाला, डॉक्टरांना विचारून, अगदी उथळ आणि कोमट पाण्यात तुमच्या हातात दहा मिनिटं, एवढंच. बाळाचं अंग फार लवकर गार पडतं. ओठ निळसर झाले, अंग थरथरलं किंवा बाळ एकदम गप्प झालं की लगेच बाहेर काढून कोरडं करा. आमचं प्रामाणिक मत विचाराल तर या वयाच्या बाळाला दिवसभर आजीबरोबर सावलीत राहू द्यावं. त्याला वॉटर पार्कचं काहीच लागत नाही.

नेहमीचं डायपर पाणी शोषून फुगतं, जड होऊन खाली सरकतं, कधी फाटतं. पोहण्याचं डायपर वेगळं मिळतं, पण तेही शी थोडाच वेळ अडवतं आणि शू अजिबात नाही. दर अर्ध्या तासाने तपासा, आणि बदलायचं ते चेंजिंग रूममध्ये. तलावाच्या काठावर बदललं तर धुतलेलं पाणी वाहून तलावातच जातं.

मुलाला जुलाब होत असतील तर सहल रद्द. जुलाब करणारे काही जंतू, विशेषतः क्रिप्टोस्पोरिडियम, क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतात. त्या जंतूमुळे जुलाब झाले असतील तर थांबल्यावरही दोन आठवडे तलावात उतरू नये.

पाण्याचा भपकन वास येतो, डोळे झोंबतात, म्हणजे ‘औषध भरपूर टाकलंय, पाणी स्वच्छ आहे’ असा अनेकांचा समज असतो. तो वास बहुतेक वेळा क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्या संयोगातून होणाऱ्या क्लोरामाईनचा असतो. म्हणजे क्लोरीन घाणीशी झुंजण्यात खर्च होतंय. तुम्हाला करता येईल अशी सोपी तपासणी म्हणजे काठावर उभं राहून तळाच्या फरशा आणि जाळी स्पष्ट दिसतात का ते बघणं. गढूळ पाण्यात तळाला गेलेलं मूल कुणालाच दिसत नाही.

उन्हाचं आणि खाण्यापिण्याचं काय सांभाळायचं?
— एक वाचक, वर्तकनगर

दुपारी बारा ते साडेतीन मुलं सावलीत. पाण्यात असल्यामुळे ऊन जाणवत नाही, पण त्वचा भाजते. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं, पाण्यात टिकणारं सनस्क्रीन उन्हात जाण्याआधी १५-२० मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी, तसंच अंग पुसल्यावर पुन्हा. कान, मानेची मागची बाजू आणि पायाचा वरचा भाग विसरला जातो. फरशी तापलेली असते, म्हणून पाठीमागे पट्टा असलेल्या रबरी चपला हव्यात.

पाण्यात खेळणाऱ्या मुलाला तहान कळत नाही. दर अर्ध्या तासाने बाहेर काढा, दोन-चार घोट पाणी पाजा, शू करवून आणा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीलिटरमध्ये, पाकिटावर लिहिलंय तसंच. गोड लागावं म्हणून कमी पाण्यात करू नका. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. जेवण हलकं, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास घसरगुंडी नको, उलटी होते. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण बाळाच्या खाण्याबाबत आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा.

पोहून आल्यावर घरी झोपेत मूल ‘कोरडं बुडतं’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला. खरं आहे का? मुलाच्या नाकातोंडात पाणी गेलं तर नेमकं काय करायचं?
— एक आई, कोपरखैरणे

‘ड्राय ड्राउनिंग’ हा शब्द डॉक्टर वापरत नाहीत. दिवसभर ठणठणीत खेळलेलं मूल रात्री अचानक बुडाल्यासारखं दगावत नाही. घोटभर पाणी गेलं, ठसका लागला, दोन मिनिटांत मूल पुन्हा खेळायला लागलं, तर काळजीचं कारण नाही.

मात्र मूल पाण्याखाली गेलं होतं, कुणी तरी ओढून बाहेर काढावं लागलं, किंवा खोकला थांबतच नाही, तर पुढचे सहा ते आठ तास महत्त्वाचे. बाहेर काढावं लागलेल्या मुलाला, ते बरं दिसत असलं तरी, डॉक्टरांना दाखवा. परतीच्या वाटेवर घोडबंदरच्या कोंडीत मूल झोपतं आणि ‘दमलंय’ म्हणून आपण सोडून देतो. तसं करू नका. शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास, बरगड्यांखाली खड्डा पडणं, ओठ निळसर, हलवूनही नीट जागं न होणं, वारंवार उलट्या, यातलं काहीही दिसलं तर घरी न जाता थेट रुग्णालयात.

मूल बेशुद्ध आहे आणि श्वास घेत नाही, तर वेळ मिनिटांत मोजायची. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. सुट्टीच्या दिवशी या रस्त्यांवरून रुग्णवाहिका तेवढ्यात पोहोचणं अवघड आहे. म्हणून जे करायचं ते तिथेच. एकाने १०८ लावावा, फोन स्पीकरवर. मुलाला पाठीवर, टणक जमिनीवर झोपवा. हनुवटी किंचित उचला. बुडालेल्या मुलाला सर्वांत आधी हवा हवी असते, म्हणून सुरुवात श्वासाने: नाक चिमटीत धरून, तोंडावर तोंड ठेवून, छाती वर येईल एवढाच श्वास, एक एक सेकंदाचा, दोन ते पाच वेळा. एक वर्षाखालच्या बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या. मूल हललं नाही, खोकलं नाही, तर छातीच्या मधोमध, खालच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवून ३० वेळा दाबा. छातीची एक तृतीयांश खोली, म्हणजे मुलात साधारण ५ आणि बाळात ४ सेंटिमीटर. बाळाची छाती दोन्ही हातांनी वेढून दोन अंगठ्यांनी दाबा, ते जमलं नाही तर एका तळहाताच्या टाचेने. वेग मिनिटाला १०० ते १२०. मग दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत किंवा मूल श्वास घेईपर्यंत थांबू नका.

आपल्याकडे अजूनही मुलाला पाय धरून उलटं टांगतात, डोक्याभोवती फिरवतात, पोट दाबून ‘पाणी काढतात’. कृपा करून हे करू नका, आणि कुणी करत असेल तर हात धरून थांबवा. पोटातलं पाणी जीव घेत नाही. पोट दाबलं की उलटी होते आणि ती फुफ्फुसात जाते, वर श्वास देण्याची मोलाची मिनिटं वाया जातात. तोंडाला फेस आला तर पुसत बसू नका, श्वास देत राहा. उलटी झाली तर पटकन कुशीवर वळवा, तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. वाचून हे हाताला येत नाही. एकदा बाहुलीवर करून बघायलाच हवं, तेव्हा सोसायटीत प्रशिक्षण ठेवता येईल का ते सेक्रेटरींना विचारा.

वॉटर पार्क नको म्हणून येऊरला पूल असलेला बंगला घेतोय. ते जास्त सुरक्षित ना?
— एक वाचक, पाचपाखाडी

गर्दी कमी, पण लाईफगार्ड नाही, आणि पूल दिवसरात्र उघडा. आरक्षण करतानाच विचारा: पुलाला कुंपण आणि कडी लागणारं दार आहे का, खोली किती, पायऱ्या कोणत्या बाजूला. घरातून पुलाकडे उघडणारं दार मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर बंद होत असेल तरच घ्या. पाण्यातून बाहेर आल्यावर चेंडू, रिंगा, बदकं सगळं उचलून आत ठेवा. तरंगतं खेळणं बघून मूल काठावर वाकतं. मद्य घेतलेल्या माणसाकडे पहाऱ्याची पाळी देऊ नका.

बालवाडीची सहल वॉटर पार्कला जाणार आहे. शाळेला काय विचारावं?
— एक पालक, घणसोली

पाण्यात उतरणारे शिक्षक किती आणि किती मुलांमागे एक. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी एका मोठ्या माणसामागे दोनपेक्षा जास्त मुलं असतील, तर आम्ही मूल पाठवणार नाही. शिक्षक काठावर साडी-ड्रेसमध्ये उभे राहणार असतील तर ते मोजायचे नाहीत. मुलं कोणत्या तलावात उतरणार, दर किती मिनिटांनी गिनती होणार, फिट येणाऱ्या किंवा दम्याच्या मुलाबरोबर स्वतंत्र माणूस आहे का, हे लेखी मागा. फिट येणाऱ्या मुलासाठी आधी डॉक्टरांची परवानगीही घ्या.

पोहून आल्यावर कानात पाणी राहतं. तेल घालावं का?
— एक आजी, सानपाडा

तेल नको, कापसाची काडीही नको. डोकं त्या बाजूला कलवून कानाची पाळी हलकेच मागे ओढा, पाणी आपोआप येतं. बाहेरचा भाग टॉवेलने टिपा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाळीला हात लावताच नात रडत असेल किंवा कानातून पाणी येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे न्या. पडद्याला भोक असेल किंवा कानात नळी बसवलेली असेल, तर पाण्यात उतरण्याआधीच त्यांना विचारा.